हाडवैद्याचं वाकडं बोट

एका गावात एक हाडवैद्य राहत होता. त्याचं नाव मोरबा. गाव डोंगरावर, वाटा सगळ्या दगडधोंड्यांच्या, त्यामुळे पडणारे पुष्कळ. कोणी झाडावरून पडलं, कोणाला बैलाने ढुशी दिली, की गाव धावायचं ते मोरबाच्या ओट्यावर. मोरबा दुखऱ्या जागी बोटं फिरवायचा, डोळे मिटायचा, इकडचं तिकडचं विचारायचा आणि बोलता बोलता खटकन ओढायचा. माणूस असा बोंबलायचा की शेजारची कुत्री भुंकायची. मग बांबूच्या पट्ट्या, वर फडकं, आणि दीड-दोन महिन्यांनी तो माणूस आपल्या पायाने घरी.

उगाच खोटं कशाला बोलू? हात गुणाचाच होता. पण तोंड! अहो, ते तोंड कोणी बसवायचं?

"अर्धं गाव माझ्यामुळे चालतं," मोरबा येता-जाता म्हणायचा. "मी नसतो तर रांगला असता सगळे."

त्याच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती. तो ती ऐटीत दाखवायचा. "ही देवाची खूण आहे. जन्मतःच दिली. हाडांचा राजा कोण ते कळावं म्हणून." आणि लोकही असे भोळे, त्या बोटाला हळदकुंकू लावायचे! हसू नका, खरंच लावायचे.

तर असा हा मोरबा पंच्याहत्तर वर्षांचा व्हायला आला.

त्या गावात पंच्याहत्तरीची एक रीत होती. त्या दिवशी माणसाला कणकेच्या पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं. तसं ते पुष्कळ ठिकाणी करतात. पण या गावात त्या दिव्यांना घरचं पीठ चालत नसे. ज्याची पंच्याहत्तरी त्याने स्वतः दारोदार जायचं. ज्यांनी आपल्याला आयुष्यात हात दिला, त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि म्हणायचं, "तुम्ही माझ्यासाठी अमुक केलंत, म्हणून मी इथवर आलो. एका दिव्यापुरतं पीठ द्या." कारण सांगितल्याशिवाय पीठ मागायचं नाही. माणूस गेलेलं असेल तर त्याच्या लेकरांकडे जायचं. आणि पहिला दिवा त्याच्या घरचा, ज्याने लहानपणी आपल्याला उभं केलं. या रिवाजाला गावात 'मागणं' म्हणत.

भल्याभल्यांचे डोळे या मागण्यात ओले व्हायचे. गावच्या पाटलाने मागच्या वर्षी आपल्या गड्याच्या दारात उभं राहून पीठ मागितलं होतं, पुरात गड्याने त्याला ओढून काढलं होतं म्हणून. गडी एवढा संकोचला की पिठाऐवजी मीठच घेऊन आला.

मोरबा मागायला निघाला आणि पहिल्याच दारात गावाला धक्का बसला. सुताराच्या दारात उभं राहून तो म्हणाला, "ओळखलंस ना? तुझा खांदा मीच बसवला. काढ मूठभर पीठ!"

सुताराची बायको बघतच राहिली. अहो, हे काय मागणं झालं? मागायला आलाय की वसूल करायला? पण म्हाताऱ्याला कोण बोलणार? तिने पीठ दिलं.

पुढच्या दारी, "तुझ्या आईचं मनगट कोणी जुळवलं?" त्याच्या पुढच्या दारी, "तुझी मांडी मोडली होती, विसरलास?" गावभर तेच. गुराख्याने मोरबाला एकदा सापापासून वाचवलं होतं. मोरबाने त्याच्या दारातही त्याचा मोडलेला अंगठाच काढला, सापाचं नाव नाही. लोक एकमेकांकडे बघायचे आणि मूठ सोडायचे.

कुंभाराच्या घरी कुंभाराची लेक वेणू दारात आली. विशीची पोरगी, चेहरा तरतरीत, पण डावा पाय जन्मापासून आत वळलेला. ती काठी टेकत पावलाच्या कडेवर चालायची. ती जन्मली तेव्हा कुंभार तिला मोरबाच्या ओट्यावर घेऊन गेला होता. मोरबाने एक नजर टाकली आणि हात झटकले. "मोडलेलं बसवतो मी. देवानेच वाकडं दिलेलं सरळ होत नसतं." झालं! तेव्हापासून वेणूची चाल तशीच.

"तुझ्या बापाचा कोपर मी बसवला," मोरबा तिला म्हणाला. वेणू खुरडत आत गेली, पीठ आणलं, दिलं. मोरबाने तिच्या पायाकडे पाहिलंसुद्धा नाही.

गावाच्या टोकाला एक खोपटं होतं. त्याच्यापुढून मात्र मोरबा मान वळवून निघून गेला. तिथे तानूबाई राहायची. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू, एकटी. एके काळी आजूबाजूच्या तीन गावांतली बाळं तीच न्हाऊ घालायची. तेल लावून अंग चोळायची, हातपाय मोकळे करायची. तिच्या हातात पोर रडता रडता झोपायचं, असा तिचा हात.

तीस वर्षांपूर्वी एक बाळंतीण मोरबाच्या ओट्यावर सहज बोलून गेली होती, "तानूबाईचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे हो." एवढंच! पण ते मोरबाला असं झोंबलं की तो तडक चावडीवर चढला आणि गाव गोळा करून म्हणाला, "तेल चोपडणारी बाई लेकरांची हाडं वाकडी करते. जो तिच्या हातात पोर देईल, त्याने हाड मोडल्यावर माझ्याकडे यायचं नाही."

हाड कोणाचं मोडत नाही? लोक भ्याले. तानूबाईकडे जाणं बंद झालं. तिचं काम गेलं. मग ती गोधड्या शिवू लागली, पुढे डोळे गेले, गोधड्याही गेल्या. आता शेजारपाजारचे देतील त्यावर दिवस. त्या दिवशी चावडीवर तानूबाईही उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि एक शब्द न बोलता घरी गेली. लोकांना वाटलं, चूक असेल म्हणूनच गप्प बसली.

आता मोरबाच्या घरातली गोष्ट. पंच्याहत्तरीच्या तीन महिने आधी त्याच्या नातवाला मुलगी झाली. नातसून रेवाने बाळाला पहिल्यांदा उघडं करून पाहिलं, तर काय? बाळाचा डावा पाय घोट्यापासून आत वळलेला. अगदी वेणूसारखा.

हाडवैद्याच्या घरात वाकड्या पायाची पोर!

रेवा मोरबाच्या पायावर पडली. "आजोबा, काहीतरी करा हो!" मोरबाने पाय हातात घेतला. त्याच्या हाताला ओढायचं माहीत, पट्टी बांधायचं माहीत. इथे ओढायचं काय आणि बांधायचं काय? त्याने दोनदा डोळे मिटले, दोनदा उघडले आणि वेणूच्या बापाला दिलेलंच उत्तर दिलं. "देवाने दिलंय. सरळ होत नसतं." वर बजावलं, "पंच्याहत्तरी होईपर्यंत पाय झाकून ठेव. गावाला दिसता कामा नये."

रेवा तीन महिने त्या पायाला फडकं गुंडाळत होती आणि चोरून रडत होती. पोरगी चालणार की जन्मभर खुरडणार, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात. आणि घरातला सगळ्यांत मोठा जाणकार हात झटकून पंच्याहत्तरीचं पीठ गोळा करत हिंडतोय! तिच्या जागी तुम्ही असता तर? मी तर ती पिठाची परातच भिरकावली असती.

पंच्याहत्तरीचा दिवस उजाडला. सकाळी देवळाच्या मंडपात सारं गाव जमलं. तीन परातींत दिवे मांडलेले. चौऱ्याहत्तर दिवे गावच्या पिठाचे आणि पहिला एक, मोरबाने घरच्याच पिठाचा करवून घेतलेला. गावातले म्हातारे कुजबुजले, पण उठून बोललं कोणी नाही.

ओवाळायचा पहिला मान घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईचा. मोरबाची थोरली बहीण, पुतळाआक्का, नदीपलीकडच्या गावी असायची. वय त्र्याऐंशी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून चाळीस वर्षं ती माहेरी आलीच नव्हती. भावाची पंच्याहत्तरी म्हणून हट्टाने बैलगाडीत बसून त्याच सकाळी आली होती. तिने परात उचलली आणि रीतीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "पहिला दिवा कोणाचा?"

"घरचाच," मोरबा म्हणाला. "मला कोणी उभं केलं नाही, आक्का. मी उभा होतोच. मी गावाला उभं केलं."

 देवाच्या दारात असं बोलायचं? पुजाऱ्याच्या हातातली घंटा तशीच राहिली. आक्काच्या कपाळावर आठी चढली. ती काही बोलणार, तेवढ्यात रेवाच्या मांडीवरचं बाळ केवढ्याने तरी रडायला लागलं.

आक्काने परात खाली ठेवली. "आण गं इकडे तिला. मी अजून पाहिलीही नाही." रेवा नको नको म्हणेपर्यंत तिने बाळ घेतलंसुद्धा. बाळाने पाय झाडले. फडकं सुटलं.

सगळ्या गावाने तो पाय पाहिला. "अगं बाई!" कोणीतरी ओरडलं. रेवाने तोंडाला पदर लावला. मोरबा उठून गरजला, "झाका ते!"

आणि पुतळाआक्का हसली!

हो, हसली. तोंडाचं बोळकं उघडून खदखदा हसली. लोकांना वाटलं म्हातारीला वेड लागलं. भरल्या मंडपात लेकराचा वाकडा पाय बघून कोणी हसतं?

"अगं, रडतेस काय वेडे?" आक्का रेवाला म्हणाली. "ही तर पणजोबाचे पाय घेऊन आलीय. आपल्या मोरूचे दोन्ही पाय असेच होते!"



"काहीतरी बरळू नकोस, आक्का," मोरबा म्हणाला. पण आवाज निम्म्यावर आला होता.

"बरळू? अरे, मी आठ वर्षांची होते. रोज सकाळी तुला कमरेवर घेऊन तानूच्या घरी नेत होते. नुकतीच लग्न होऊन आली होती ती. दोन वर्षं, मोरू! पावसापाण्यात, सणासुदीला, एक दिवस खाडा नाही. ती तुझे पाय तेलाने चोळायची, अंगठ्याने एवढंएवढं वळवायची आणि मऊ फडक्याने बांधून ठेवायची. तू असा किंचाळायचास की मी अंगणात पळून कानात बोटं घालायचे. ती मात्र गाणं म्हणत चोळत राहायची. तुझी ती करंगळी आहे ना, शेजारच्या बोटावर चढलेली? तेवढीच राहिली. बाकी सगळं तिने सरळ केलं."

ज्या बोटाला गावाने हळदकुंकू लावलं, त्या बोटाकडे सगळं गाव बघत होतं. मोरबाही बघत होता. देवाची खूण म्हणे!

"मग मला कोणी सांगितलं का नाही?" त्याने कसंबसं विचारलं.

"तानूनेच आईकडून वचन घेतलं होतं. म्हणाली, पाय सरळ झालाय, आता पोराला सांगू नका. सांगितलंत तर मनात लंगडेल. आईने मला शपथ घातली. आज हा पाय पाहिला नसता तर मीही बोलले नसते." आक्काने इकडेतिकडे पाहिलं. "पण तीन महिने झाले आणि पोरीला अजून तानूकडे नेलं कसं नाही? तानू जिवंत आहे ना? दिसत का नाही इथे?"

 जो तो खाली बघायला लागला. शेवटी सुताराची बायको हळूच म्हणाली, "आक्का, तानूबाईकडे जायला बंदी आहे. तीस वर्षं झाली."

"बंदी? कोणाची?"

सुताराच्या बायकोने चावडीवरचं सगळं सांगितलं. आक्का ऐकत गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. तिने बाळ रेवाच्या हातात दिलं, गुडघे धरत उठली, मोरबासमोर गेली आणि पंच्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या थोबाडीत एक ठेवून दिली. साऱ्या गावादेखत. देवासमोर. वाढदिवसाच्या दिवशी.

आवाज मंडपात घुमला. 

मोरबाने गालाला हातसुद्धा लावला नाही. तो परातीशी वाकला, घरच्या पिठाचा तो पहिला दिवा उचलून बाजूला ठेवला, एक रिकामी वाटी घेतली आणि अनवाणी चालू लागला. बाळाला छातीशी धरून रेवा त्याच्या मागोमाग धावली.

खोपटाचं दार उघडंच होतं. मोरबा उंबऱ्याबाहेर थांबला. आत बघितलं आणि त्याला दुसरा धक्का बसला. एक मडकं, एक तवा, एक फाटकी गोधडी. चूल कालपासून पेटलेली दिसत नव्हती. तीस वर्षं तो या दारावरून जात होता आणि त्याने आत एकदाही पाहिलं नव्हतं.

तानूबाई भिंतीला टेकून बसली होती. दारात कोण आलंय ते तिला दिसत नव्हतं.  तरी तीच आधी म्हणाली, "ये मोरू. उभा का?"

मोरबा दचकला. "कसं ओळखलंस?"

"डावी टाच आधी टेकवतोस. मीच शिकवलंय तुला. रोज जातोस की या वाटेने. ऐकते मी. पाय अजून नीट पडतो."

तिने हात पुढे केला, चाचपडत त्याचं डावं पाऊल धरलं आणि अंगठा त्या करंगळीवर नेऊन ठेवला. "हे एवढं राहिलं बघ माझ्या हातून. तू पळायला लागलास आणि हाती लागेनास."

मोरबा मटकन खाली बसला. लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. रेवाने आजोबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती घाबरून दारालाच टेकली.

"मी चावडीवर बोललो तेव्हा का नाही सांगितलंस?" मोरबा म्हणाला. "एक शब्द बोलली असतीस तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं!"

"दोन वर्षं खपून सरळ केलेला पाय मीच लंगडा करू?" तानूबाई म्हणाली. "तू लोकांची हाडं बसवणारा. त्या वेळी भर चावडीत कळलं असतं तर तुझा हात डळमळला असता. मग गावाची हाडं कोणी बसवली असती?"

 मोरबाने वाटी पुढे केली. 

"पंच्याहत्तरी ना आज?" तानूबाई म्हणाली. "मग कारण सांग. कारणाशिवाय पीठ मागायचं नसतं."

मोरबाने सकाळपर्यंत चौऱ्याहत्तर मुठी मागितल्या होत्या. एकदाही खरं कारण सांगितलं नव्हतं. आता ते सांगताना त्याला धाप लागली.

"माय, तू मला पाय दिलेस. आणि मी त्याच पायांनी चावडीवर चढलो आणि तुझं काम मोडलं. एका दिव्यापुरतं पीठ दे."

तानूबाईने मडक्यात हात घातला, तळापासून खरवडलं आणि मूठ वाटीत सोडली. पुरती मूठही भरली नव्हती. ज्वारीचं पीठ होतं ते. मडकं रिकामं झालं.

"आणि उद्या?" मोरबाने विचारलं.

"ते माझं मी बघेन. तू मागायला आलायस, विचारायला नाही." मग तिने दाराकडे कान दिला. "बरोबर कोण आहे? बाळाचा श्वास येतोय."

रेवा पुढे झाली आणि तिने लेक तिच्या मांडीवर ठेवली. तानूबाईची बोटं बाळाच्या पायावरून हळूहळू फिरली. घोटा, टाच, तळवा. रेवाचा जीव त्या बोटांत अडकला होता.

"किती महिन्यांची?"

"तीन."

"मग उशीर नाही झाला. होईल सरळ. पण माझ्या हातात आता जोर नाही गं." रेवाचा चेहरा उतरला. तानूबाई म्हणाली, "मोरू, तुझे हात आण."

तिने आपले सुरकुतलेले हात मोरबाच्या हातांवर ठेवले आणि त्याचे हात बाळाच्या पायावर. मोरबाने सवयीने जरा जोर केला. लगेच त्याच्या हातावर चापट बसली. "ओढायचं नाही! इथे ओढणारा मूर्ख. पायाला वाटलं पाहिजे, आपणहून वळतोय."

गावाला रांगू न देणारा तो हाडांचा राजा पंच्याहत्तराव्या वाढदिवशी पहिला धडा शिकत होता. आणि चापट्या खात होता.

तासाभराने मंडपातल्या लोकांनी जे पाहिलं त्याने ते अवाक झाले. मोरबा तानूबाईला पाठुंगळी घेऊन येत होता. घामाने निथळत होता, थांबत होता, पुन्हा चालत होता. आणि पाठीवरून ती म्हणत होती, "हळू. डावी टाच आधी."

ते ज्वारीचं पीठ तानूबाईनेच कढत पाण्यात मळलं. तिने दिवा केला, पण पीठ थोडं, दिवा पातळ झाला आणि कडेला चीर गेली. आक्काने तो परातीत ठेवायला घेतला तर मोरबाने तळहात पुढे केला. "इथे ठेव." चिरेतून कोमट तेल त्याच्या मनगटावर ओघळत होतं. त्याने हात खाली केला नाही.

"पहिला दिवा कोणाचा?" आक्काने पुन्हा विचारलं.

"तानूमायचा," मोरबा म्हणाला. "हिने माझे वाकडे पाय सरळ केले. मी हिची भाकरी काढून घेतली. बाकीच्या दिव्यांचीही कारणं मी खोटी सांगितली. गुराख्याने मला सापापासून वाचवलं, ते मी बोललो नाही. उद्यापासून मी पुन्हा दारोदार येईन आणि खरी कारणं सांगेन."

बायकांचे डोळे भरून आले. सगळं गोड झालं असं लोकांना वाटलं. आक्का परात घेऊन ओवाळायला लागली.

तेवढ्यात मागच्या खांबाशी काठीचा आवाज झाला. वेणू उभी राहिली होती. लोकांनी वाट दिली. ती पावलाच्या कडेवर खुरडत मोरबासमोर आली.

"आजोबा," तिने विचारलं, "माझाही पाय असाच होता ना? जन्मले तेव्हा?"

मोरबाने तिच्या पायाकडे पाहिलं.

"होता."

"आणि तानूआजी तेव्हा होती ना? हात चालत होते ना तिचे?"

"होते."

"बरं," वेणू म्हणाली. बस, एवढंच. ती वळली आणि तशीच खुरडत मंडपातून निघून गेली. तिच्या काठीचा आवाज दूर जाईपर्यंत आक्काने परात हलवली नाही. मंडपातल्या प्रत्येकाला आता कळत होतं की चावडीवर त्या दिवशी आपणही मान डोलावली होती. वेणूचा बाप तर जमिनीवर बसून डोकं धरून रडत होता.

मोरबाने बोलल्याप्रमाणे केलं. दुसऱ्या दिवसापासून तो चौऱ्याहत्तर दारी पुन्हा गेला. कारणं आठवायला त्याला चार महिने लागले. तानूबाईला त्याने आपल्या घरी आणलं. ती आली, पण अट घालून आली. न्हाऊ घालायला येणारं एकही बाळ दारातून परत पाठवायचं नाही. रोज सकाळी तिचे हात मोरबाच्या हातांवर असायचे आणि मोरबाचे बाळाच्या पायावर. दीड वर्षाने पोरगी अंगणात चार पावलं चालली. रेवा ओरडली, आक्काने निरोप मिळताच गूळ पाठवला. तानूबाई ओट्यावर कान देऊन बसली होती. "डावी टाच आधी," ती म्हणाली. "चालली गं माझी बाई." त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. पण तोवर तिने ते काम आणखी एका जणीला शिकवलं होतं.

ती शिकणारी म्हणजे वेणू. पंच्याहत्तरीच्या दुसऱ्याच दिवशी ती तानूबाईसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मला शिकव." आज त्या पंचक्रोशीत वाकड्या पायाचं बाळ जन्मलं तर ते वेणूकडे नेतात. मोरबाशी मात्र ती पुन्हा कधी बोलली नाही.

कोणी जुन्या सवयीने त्याच्या करंगळीला हळदकुंकू लावायला आलं, तर मोरबा पाय मागे घ्यायचा. आणि वेणू काठी टेकत ओट्यावरून जायला लागली की तो उठून उभा राहायचा. ती दिसेनाशी होईपर्यंत बसायचा नाही. गावातल्या कितीतरी चाली त्याने सरळ केल्या होत्या, पण ही एक आता त्याच्या हातात नव्हती.

तात्पर्य: मोठ्या वाढदिवशी आपण कोणाकोणाला उभं केलं हे सांगत बसू नये, आपल्याला कोणी उभं केलं त्याच्या दारी जावं, आणि वेळेत जावं. उशिरा मानलेल्या उपकाराने आपलं मन हलकं होतं, पण मधल्या वर्षांत ज्याचं नुकसान झालं त्याचं ते भरून येत नाही.